टिटवाळ्याचं गाऱ्हाणं

आमच्या चाळीत नवीन बिऱ्हाड आलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "गाव कुठलं?" नाव, नोकरी, मुलंबाळं या चौकशा नंतर. आणि या प्रश्नाला "कल्याण" असं उत्तर दिलेलं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. आख्खी हयात कल्याणात गेलेली, इथेच नोकरी लागून इथेच रिटायर झालेली माणसं बिनदिक्कत सांगायची, आमचं चिपळूण, आमचं संगमनेर, आमचं कोरेगाव. तिथलं घर पडलेलं असो, भावकीने गिळलेलं असो, गाव ते गाव. कल्याणला फक्त राहायला होतो सगळे.

माझ्या आईचं गाव कणकवलीजवळ. वडीलही तिकडचेच, पण नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, म्हणून आम्ही विठ्ठलवाडीच्या चाळीत. आईचे वडील गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली तक्रार. कोण आलंय, कुणाचं कोण, कुठून आलंय, काय अडचण आहे, हे सगळं खणखणीत आवाजात सांगायचं आणि प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे काम खरं तर पुरुषांचं, पण आईने ते बापाकडून उचललं होतं आणि कल्याणात तिला अडवणारं कुणी नव्हतं. देवाला अर्धवट सांगून चालत नाही, हे तिचं ठाम मत. माझ्या दहावीच्या परीक्षेला तिने देव्हाऱ्यासमोर उभं राहून माझा सीट नंबर, परीक्षेचं केंद्र आणि बेंच खिडकीशी आहे की भिंतीशी, इतकं सगळं सांगितलं होतं. मी लाजेने मोरीत जाऊन बसले होते.

चाळीच्या मागे वालधुनी वाहायची. नदी म्हणायची पद्धत होती म्हणून नदी, एरवी नालाच. पाण्याचा रंग रोज वेगळा, वास मात्र रोज तोच. नाल्यावरच्या पुलाच्या अलीकडे कल्याण, पलीकडे उल्हासनगर. आम्ही सगळे त्याला कॅम्प म्हणायचो, कारण फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना तिथल्या लष्करी बराकींत ठेवलं होतं. त्या बराकींची पुढे दुकानं, घरं, कारखाने झाले. त्यातल्याच एका दुकानाच्या साड्यांना आई फॉल-बिडिंग करून द्यायची. दुकानदाराला आम्ही चाचा म्हणायचो. चाचा लहान असताना आईच्या कडेवर बसून सिंधमधून आलेले. माणूस तसा चांगला, पण आवाज असा की पुलाच्या अलीकडे ऐकू यावा.

साड्यांचे गठ्ठे आणायचं आणि पोचवायचं काम माझं. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते, अर्ज करत होते, आणि घरी बसलेल्या मुलीला असली कामं न मागता मिळतात. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं ती. मुंबईतल्या दंगली नुकत्याच शमल्या होत्या.

एकदा गठ्ठा घेऊन गेले तर दुकानामागच्या खोलीत माझ्याच वयाची एक मुलगी पाटावर बसून मटार सोलत होती. चाचांची भाची. त्यांची थोरली बहीण फाळणीच्या वेळी सासरी सिंधमध्येच राहिली होती, तिची ही शेंडेफळ मुलगी. तिकडे हिंदूंसाठी वातावरण बिघडलं, शेजारच्या मुली घराबाहेर पडेनाशा झाल्या, तेव्हा बापाने मामाकडे भेटीला म्हणून हिचा व्हिसा काढला आणि निघताना कानात सांगितलं, परत येऊ नकोस. हे तिने मला दुसऱ्या की तिसऱ्या भेटीतच सांगून टाकलं. मटार सोलता सोलता, भाव सांगावा तसं. मी म्हणाले, "मटार गोड आहे का?"

ती फार बोलायची. हिंदी तिला यायची, सिंधी तर होतीच, पण देवनागरी वाचता येत नव्हती, कारण तिकडे सिंधी उर्दूसारख्या लिपीत लिहितात. मग ती दुपारची आमच्याकडे यायला लागली. आईबरोबर फॉल लावायचा आणि माझ्याकडून बाराखडी शिकायची. दोरीवर भिजवलेले फॉल वाळत असायचे आणि त्यांच्याखाली बसून ती क, का, कि, की गिरवायची. आई तिला "बाय" म्हणायची, ती आईला मौसी. कधी कोळीण बुट्टी घेऊन चाळीत आली आणि त्यात पाला मासा असला, तर ती वेडीच व्हायची. तिकडे सिंधू नदीत तोच मासा मिळतो, त्याला पल्लो म्हणतात. समुद्रातून नदीत चढून येतो, असं तिने सांगितलं तेव्हा आई म्हणाली, आमच्याकडेही तसाच येतो. "इसको व्हिसा नहीं लगता मौसी," ती म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर पोट धरून हसली. कोळणीला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, तिने भाव कमी केला नाही.

व्हिसा गावापुरता असतो, हे मला तिच्यामुळे कळलं. मला वाटायचं माणूस देशात आला म्हणजे आला. तसं नसतं. तिच्या कागदांवर एकाच गावाचं नाव होतं, उल्हासनगर. आल्यावर पोलिसांकडे नोंद, गाव सोडायचं तर आधी अर्ज, परत आल्यावर पुन्हा हजेरी. म्हणजे पूल ओलांडून आमच्याकडे येणं हासुद्धा कायद्याने गुन्हाच झाला. चाचा तिला बजावायचे, पूल के उस पार नहीं. आई हसायची. "हा काय पूल आहे? मोरी आहे. मोरी ओलांडायला परवानगी?" गस्तीचा पोलीस तिला येता-जाता बघायचा आणि बघून न बघितल्यासारखं करायचा. त्यामुळे आमची सगळ्यांची भीड चेपली. पण ती पुलावर आली की पदर डोक्यावर घ्यायची आणि भराभर चालायची. बाकी कुठेही मी तिला भराभर चाललेलं पाहिलं नाही.

मग ती कायद्याची बातमी आली. बातमी म्हणजे काय, वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी की दिल्लीत विचार चालू आहे. भेटीच्या व्हिसावर येऊन इथेच राहणाऱ्यांबद्दल कडक कायदा करायचा. पुढच्यांना घ्यायचं नाही, आलेल्यांपैकी अमुक मुदतीच्या आधी आलेले तेवढे बघू. मुदत कुठली, ते कुणालाच माहीत नव्हतं. तो कायदा शेवटी झाला की नाही, झाला तर कसा, हे मला आजही धड सांगता येणार नाही. पण नुसती चर्चा आमच्या घरात पाहुण्यासारखी येऊन बसली आणि उठायचं नाव घेईना.

बाबांनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. त्यांना सगळंच मोठ्याने वाचायची सवय. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, "योग्यच आहे. किती लोकांना घ्यायचं? कुठेतरी थांबायला हवं." ती तिथेच बसली होती, फॉल टाचत. बाबांच्या मनात तिच्याबद्दल काहीच नव्हतं हो. ती त्यांना आवडायची, तिच्यासाठी ते येताना शेंगदाणे आणायचे. त्यांच्या डोक्यात कायद्यातली माणसं वेगळी होती आणि ही वेगळी. मला मात्र इतका राग आला की मी त्यांच्या हातातला पेपर ओढला. "तुम्ही कणकवलीहून आलात तेव्हा कुणी थांबवलं होतं?" बाबा म्हणाले, "अगं, कणकवली काय परदेश आहे?" आणि ते बरोबरच होतं, म्हणून मला आणखी राग आला.

तिने मान वर केली नाही. सुईत दोरा ओवत मराठीत म्हणाली, "कुठेतरी म्हणजे कुठे, काका?" तिचं पहिलं पूर्ण मराठी वाक्य ते. बाबा आंघोळीला निघून गेले.

दुकानातही तेच. गिऱ्हाईक आलं की चाचा गादीवरून छातीठोकपणे सांगायचे, "अब बस. कॅम्प में पैर रखने को जगह नहीं. जो आ गए सो आ गए." स्वतः बराकीत वाढलेला माणूस, सतरंजीचे पडदे करून एका खोलीत चार कुटुंबं राहिलेली बघितलेला. पडद्यामागे भाची भांडी घासतेय हे त्यांना माहीत होतं. मला वाटतं ते जोरात बोलायचे ते लोकांनी ऐकावं म्हणूनच. आपल्या घरात कुणी नाही असं लोकांना वाटावं म्हणून. पण पडदा तो पडदाच, त्यातून सगळं ऐकू येतं.

तिच्या व्हिसाची मुदत संपत आली तेव्हा ती वाढवून घ्यायला ठाण्याच्या पोलीस ऑफिसात जायचं ठरलं. ठाण्याला जायलाही आधी परवानगी काढावी लागली. चाचा, ती आणि मी, कारण तिथले मराठी कागद वाचायला कुणीतरी हवं होतं. स्टेशनवरून चालत जाताना तलावपाळी लागली. ती कठड्याला टेकून उभीच राहिली. तलावात होड्या होत्या, काठावर भेळवाले होते, शाळेची मुलं दप्तरं आपटत पळत होती. ती म्हणाली, इतकं मोकळं बघून किती दिवस झाले. चाचा घड्याळ दाखवत होते. मी मुद्दाम कणीस विकत घेतलं आणि मुद्दाम हळूहळू खाल्लं. कणीस संपवेपर्यंत तरी आम्हाला कुणी हलवू शकत नव्हतं.

आतले साहेब ओरडणारे नव्हते, हीच अडचण. ओरडणाऱ्याशी भांडता येतं. ते समजुतीने बोलले. वरून नवीन कायदा येतोय म्हणतात, तो आल्याशिवाय कायमचं काही देता येणार नाही. तोपर्यंत थोडी थोडी मुदत वाढवून देतो. "एवढंच लक्षात ठेवा, हिच्या नावावर एकही तक्रार नको. स्वच्छ असेल तर उद्या कायदा आला तरी हिला जुन्यांत धरता येईल. डाग लागला की माझ्या हातात काही राहत नाही." चाचांनी लग्नाचं विचारलं. लग्न झालेलं असतं तर गोष्ट वेगळी होती, साहेब म्हणाले.

आणि लग्नाचं असं की कॅम्पमधल्याच एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मुलाशी तिचं जमत आलं होतं. मुलगा चांगला होता, कमी बोलायचा, आणि ती आली की उगाच रेडिओचा आवाज वाढवायचा. त्याच्या घरचे म्हणायचे, आधी राहायची परवानगी मिळू दे, मग लग्न. साहेब म्हणत होते, लग्न असतं तर परवानगी. एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या त्या दोघांच्या मधल्या जागेत ती उभी होती, आणि तिथे तिला नुसतं उभं राहायचं होतं, हालचाल न करता, डाग न लागता.

आईने हे सगळं ऐकलं आणि तिला एकच गोष्ट समजली. लग्न अडलंय. लग्न अडलं की आमच्या बाजूचे लोक काय करतात? टिटवाळ्याला जातात. टिटवाळ्याचा गणपती लग्नं जमवतो, हे कल्याणच्या शेंबड्या पोरालाही माहीत. जवळच अंगारकी होती. आई म्हणाली, हिला घेऊन जाऊया, गाऱ्हाणं घालूया. मी म्हणाले, "आई, परवानगी?"

"टिटवाळ्याला कसली परवानगी? टिटवाळा काय परगाव आहे? दुपारच्या जेवणाला घरी येऊ."

इथे मला थांबून सांगायला हवं की आई मुळीच खोटं बोलत नव्हती. आमच्यापैकी कुणालाही टिटवाळा परगाव वाटायचं नाही. माणूस तिकडे जाताना पिशवीसुद्धा घेत नाही. ठाकुर्लीला मावशीकडे जावं, तसं टिटवाळ्याला जायचं. चाचीला सांगितलं, चाचांना नाही. चाची म्हणाली, दर्शनाला कोण नाही म्हणेल? आणि तिलाच जायचं होतं, आमच्या मुलीला. रेडिओवाल्यासाठी होतं की चार भिंतींबाहेर पडायला मिळणार म्हणून, ते मी विचारलं नाही. तिने आईची निळी साडी नेसली. तिचा फॉल तिनेच लावलेला होता.

अंगारकीला रांग बाहेर रस्त्यापर्यंत. दंगलींनंतरचे दिवस, त्यामुळे बंदोबस्तही नेहमीपेक्षा जास्त. आमचा नंबर लागला, दर्शन झालं, पुजाऱ्याने "चला, चला पुढे" केलं. एवढ्याने आईचं समाधान कसलं होतंय? मंडपात जरा मोकळी जागा दिसली तशी तिने देवाकडे तोंड केलं, मुलीला हाताला धरून पुढ्यात उभं केलं, नारळ धरला आणि बापाचा आवाज काढला.

"बा गणराया म्हाराजा! ह्या तुझा लेकरू लांब सिंधातून, पाकिस्तानातून तुझ्या पायाकडे इलेला आसा!"

मी तिचा पदर ओढला. रांगेत कोकणातल्या बायका कमी नव्हत्या. दोघी-तिघींच्या तोंडून सवयीने निघालंच, "व्हय म्हाराजा!"

"हिचो परवानो संपत इलो. ठाण्याचो सायब आज देतंय, उद्या देतंय म्हणता. त्येका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हिका हयसरच रवाक दी, हिचा लगीन होऊ दी, आणि जा काय वाकडा-नाकडा आसात ता सरळ कर रे म्हाराजा!"

तिसऱ्या वेळी "व्हय" म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या होत्या. 'पाकिस्तान' हा शब्द आता कुठे रांगेत मागेपर्यंत पोचला होता. खांबाशी उभा असलेला हवालदार कोकणातलाच असावा, कारण पहिल्या मागणीला त्याचा हात कपाळाकडे गेलेला मी पाहिला होता. तोच हात खाली घेत तो आमच्याकडे आला. फार हळू आवाजात त्याने आईला विचारलं, "बाई, ही कोण? हिचे कागद कुठे आहेत?"

कागद चाचीच्या कपाटात, कुलपात. आई अभिमानाने सांगत सुटली, अहो आमचीच आहे, पलीकडे कॅम्पात राहते, रोज माझ्याकडे येते. रोज. एकेका वाक्याबरोबर ती पोरीला आत ढकलत होती आणि तिला वाटत होतं की बाहेर काढतेय. तोपर्यंत मागून एक माणूस ओरडला, इथे कशाला आलीय ही, बंदोबस्त कशासाठी ठेवलाय? आणखी चारजण जमले. मग हवालदारालाही सोडून देणं शक्य राहिलं नाही. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, कुणी ऐकलं नसतं तर मीही ऐकलं नसतं."

चौकीत बाकावर बसवलं. ती रडली नाही. निळ्या साडीचा काठ दोन बोटांत धरून फॉलची शिवण बघत बसली. आई मात्र सारखी उठून तेच तेच सांगत होती, देवळात तर आलो, चोरी केली का? संध्याकाळी चाचा कागद घेऊन आले. ते गप्प होते, आणि चाचा गप्प बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. हातापाया पडून तिला सोडवलं, पण झाला प्रकार ठाण्याला कळवला जाणार हे त्यांना सांगण्यात आलं. बाहेर आल्यावर ते आईला म्हणाले, "भाभी, आपने भगवान को बताया कि थाने को?" आईच्या हातात नारळ तसाच होता. तो फोडायचा राहून गेला होता.

त्यानंतर पूल बंद झाला. म्हणजे पूल होता तिथेच होता, ती यायची बंद झाली. ठाण्याहून मुदत मिळाली ती अगदी तोकडी, वर आठवड्याला हजेरी, आणि साहेबांनी सांगितलेला तो डाग आता लागलेला. रेडिओवाल्याच्या घरच्यांनी निरोप पाठवला की आम्ही साधी माणसं, आम्हाला पोलिसांची भानगड नको. त्या मुलाने पुढे दुकानाची जागा बदलली. चाचांनी मागच्या खोलीच्या खिडकीला जाळी मारून घेतली. डासांसाठी, असं ते म्हणायचे.

आई त्यांच्याकडे गेली तेव्हा सुरुवातीला चाचीने दार नीट उघडलंच नाही. तरी ती जात राहिली. साड्यांचा गठ्ठा आता मी न्यायचे नाही, आई स्वतः न्यायची, आणि तिथेच बसून दोघी फॉल लावायच्या. तिने माफी मागितली का, मला माहीत नाही. आमच्या घरात माफी शब्दांनी मागायची पद्धत नव्हती. पण घरातलं गाऱ्हाणं बंद झालं. माझ्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला निघाले तेव्हा मी मुद्दाम देव्हाऱ्यापाशी रेंगाळले. आईने दिवा लावला, हात जोडले आणि ओठ हलवले. आवाज काढला नाही. मला त्या दिवशी तिच्या मोठ्या आवाजाची फार आठवण आली.

मला नोकरी लागली, लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, मुलगी झाली. कायद्याची चर्चा अधूनमधून पेपरात यायची, मग गायब व्हायची, पुन्हा यायची. प्रत्येक वेळी ठाण्याचे साहेब तेच सांगायचे, नवीन काय येतंय बघू. ते साहेब बदलले, दुसरे आले. ती तिथेच होती. मी माहेरी गेले की पूल ओलांडून जायचे. खोलीत तेच पाट, तीच जाळी. तिचे केस कानाशी पांढरे होऊ लागले होते. मराठी मात्र फर्डी झाली होती, आणि ती माझी मराठी नव्हतीच, आईची होती. रागावली की "गप रव" म्हणायची. तिकडे बाप वारला तेव्हा फोन आला. गेली असती तर परत येता आलं नसतं. ती गेली नाही. आईने तिच्याबरोबर दहा दिवस सूतक पाळलं, खोलीत घोंगडी टाकून. बाबा घरी स्वतःच्या हाताने खिचडी करून जेवले आणि एका शब्दाने कुरकुरले नाहीत.

पुढे चाचांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचा तो आवाज गेला. मग ठाण्याच्या पुढच्या तारखेला तिच्याबरोबर जायला कुणी उरलं नाही, तेव्हा आई म्हणाली, मी येते. चाची आईकडे बघून म्हणाली, "बस, कुछ बोलना मत भाभी." मी रजा काढून दोघींबरोबर गेले.

नवीन साहेब तरुण होते, मोकळे होते. त्यांनी तिला हिंदीत प्रश्न विचारला, तिने मराठीत उत्तर दिलं. ते खूश झाले. "वा! छान बोलता की. कोकणी वळण आहे बोलण्याला." आणि शिक्क्याची डबी उघडता उघडता, इथल्या कुठल्याही माणसाने विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

त्यांना काही खोदून काढायचं नव्हतं. तोंडाची सवय ती. सगळं समोरच्या फाईलीत होतं, पहिल्याच पानावर. पण तिचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काही येईना. खरं नाव घेतलं तर काय होतं, हे तिने टिटवाळ्याला पाहिलं होतं. आणि उल्हासनगरला आपलं गाव म्हणायची तिला परवानगी नव्हती. पंखा फिरत होता. मला काहीतरी बोलायचं होतं आणि मी आईकडे बघितलं, कारण मला भीती वाटली की आई बोलेल.

आई बोललीच. आवाज लहान होता, देवळातला नव्हता.

"माझंच गाव, साहेब. कणकवलीकडे."

साहेबांनी आईकडे पाहिलं, फाईलीकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं. ते म्हणाले, "बरं." शिक्का मारला. मुदत तितकीच मिळाली, अटीही त्याच होत्या.

जिना उतरताना ती कठड्याला धरून हळूहळू उतरत होती. रस्त्यावर आल्यावर तिने आईचा हात धरला आणि मराठीत विचारलं, "मावशी, आपल्या घरासमोर काय आहे?"

आई सांगायला लागली. समोर खळं आहे, शेणाने सारवलेलं. खळ्याच्या कडेला फणस, त्याला बुंध्यापासून फणस लागतात. खाली उतरलं की व्हाळ.

"व्हाळाला पाणी असतं?"

"चैत्रापर्यंत असतं."

"पाणी स्वच्छ आहे?"

"तळ दिसतो."

"आणि देऊळ?"

"देऊळ पलीकडे. अंगणातून कळस दिसतो."

तलावपाळी आली आणि गेली, या वेळी ती थांबली नाही, ती ऐकत होती. मला वाटून गेलं की हिला एकदा नेऊन आणावं, रात्रीच्या एसटीने, एकदाच. पण कणकवलीला जायचं तर वेगळी परवानगी लागली असती, आणि ती मागायची तर कारण काय लिहायचं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नसतं. दिवेलागणीच्या आत तिला पुलापलीकडे पोचवायचं होतं. आम्ही स्टेशनकडे भराभर चालू लागलो.